पटकीचे विष आणि पेशीचे पटल

ग्वाल्हेरच्या इतिहासात १८१७ हे वर्ष तहाचे वर्ष म्हणून नोंदले जाते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दौलतराव शिंदे यांनी इंग्रजांशी करार करून पेंढाऱ्यांविरुद्ध साहाय्य देण्याचे मान्य केले. आणि त्याच दिवशी दूर दक्षिणेत, खडकीच्या माळावर, दुसऱ्या बाजीरावांच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली. एकाच तारखेचा हा योग मराठी मनाला चटका लावणारा आहे. त्या महिन्यातील तिसऱ्या घटनेचा उल्लेख मात्र आपल्याकडे अभावानेच होतो. शिंद्यांवर दडपण आणण्यासाठी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज स्वतः प्रचंड सैन्य घेऊन, यमुना ओलांडून सिंध नदीच्या परिसरात उतरला होता. तहाची शाई वाळते न वाळते तोच त्या छावणीत पटकी शिरली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे या साथीने उग्र रूप धारण केले होते. तेथून ती गंगेच्या काठाकाठाने वर सरकली आणि नोव्हेंबरात बुंदेलखंडात पोहोचली. सकाळी पहाऱ्यावर उभा असलेला शिपाई सायंकाळपर्यंत शरीरातील पाणी आटून मरून पडे. सैनिकांपेक्षा पालखीचे भोई, पाणके, मोतद्दार, बाजारबुणगे यांच्यात मृत्यूंचे प्रमाण कितीतरी अधिक होते. मेलेल्यांची संख्या हजारांवर गेली. अखेर हेस्टिंग्जने तळ हलवून बेतवेच्या काठी एरच गाठले आणि तेथे साथ ओसरली. बंगालच्या वैद्यक मंडळाचा चिटणीस जेम्स जेमसन याने १८२० मध्ये या साथीचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. ही साथ आठवडाभर आधी आली असती तर दौलतरावांनी सही केली असती का, हा प्रश्न मोहात पाडणारा आहे. आमच्या मते त्यात फारसे तथ्य नाही, कारण पटकीला शिंद्यांचे लष्कर आणि इंग्रजांचे लष्कर सारखेच होते. पुढल्याच वर्षी ती नागपूर, पुणे, मुंबई येथवर पोहोचली.

रोग नवा नव्हता. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने त्याचे वर्णन केले आहे आणि मराठी-कोकणीतील ‘मोडशी’ हे नावही दिले आहे. नवे होते ते साथीचे देशोदेशी पसरणे. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात तिचा जंतू निश्चित केला. हाफकिनने १८९३ मध्ये आपल्या शेजारच्या आग्र्यापासून लस टोचण्याचे काम आरंभले. तरीही एक कोडे सुटले नव्हते. पटकीचा जंतू रक्तात उतरत नाही, आतड्याची भिंत फोडत नाही. आतड्याच्या आतल्या अंगावर बसून राहतो. मग माणूस मरतो कशाने? जंतू विष सोडत असावा असा तर्क कॉखनेच केला होता, परंतु ते सिद्ध होण्यास पाऊणशे वर्षे लागली.

ते सिद्ध झाले १९५९ मध्ये, दोन ठिकाणी आणि स्वतंत्रपणे. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातला आणि तो तुकडा पाण्याने फुगला. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ मध्येच सशाच्या नवजात पिलांत पटकी घडवून आणण्याची रीत बसवली होती. त्याच रीतीने दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी जंतूंपासून काढलेल्या अर्काने तोच रोग घडवून दाखवला. डे यांचा प्रयोग अधिक निर्णायक होता, आणि त्यांचे नाव जगात उशिरा का होईना घेतले गेले. पानसे हे आडनाव पेशव्यांच्या तोफखान्यामुळे आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. परळच्या प्रयोगशाळेतील पानसे मात्र कोणाच्या स्मरणात नाहीत. इतिहासात रस घेणाऱ्या मंडळींनी याची खंत बाळगावी असे आम्हांस वाटते.

पुढची वाटचाल वेगाने झाली. १९६९ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध रूपात वेगळे केले. त्याचे दोन भाग असतात. एक घातक भाग पेशीत शिरून तिच्यातले पाणी व क्षार बाहेर लोटायला लावतो. दुसरा, पाच सारख्या तुकड्यांचा कडेबंद भाग, पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो. १९७३ पर्यंत होल्मग्रेन आदींनी दाखवून दिले की हा दुसरा भाग जीएम-१ नावाच्या एका शर्करायुक्त मेदरेणूलाच पकडतो. पाच तुकडे, म्हणून एका वेळी पाच रेणू. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याने बराच गोंधळ घातला.

हा मेदरेणू असतो पेशीपटलात. पेशीपटल म्हणजे मेदाच्या दोन थरांचे, अतिशय पातळ आवरण. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी त्याचे जे चित्र रेखाटले त्यात मेदाचा जणू समुद्र होता आणि प्रथिने त्यात स्वैर तरंगत होती. हे चित्र खरे, पण अपुरे. ते का अपुरे हे समजण्यास आपल्या लष्कराचीच आठवण उपयोगी पडेल. १८०९ मध्ये दौलतरावांच्या फिरत्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत लिहून ठेवले आहे की बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवी, मग बाजारांची निशाणे लागत आणि मागून येणारा प्रत्येक जण आपापली जागा अचूक शोधून काढी. लष्कर रोज हलत असे, पण त्याची रचना मोडत नसे. १८१० पासून ते येथे स्थिरावले. चिटणीसांची गोठ, फाळके बाजार, शिंद्यांची छावणी ही नावे आजही ती रचना सांगतात. पेशीपटलही वाहते असून रचनाबद्ध असते. १९९७ मध्ये काई सिमॉन्स आणि एलिना इकोनेन यांनी असे मांडले की कोलेस्टेरॉल व काही विशिष्ट मेद एकत्र येऊन पटलात छोटे तराफे बनवतात आणि निवडक प्रथिने त्यांवर आरूढ होतात.

शरीराच्या रक्षणाशी याचा संबंध येतो तो असा. टी पेशी ही आपल्या रक्तातील पहारेकरी. शत्रूचा अंश ओळखणारे ग्राही प्रथिन तिच्या पटलावर असते. पण ओळख पटली तरी आत निरोप देण्याचे सामर्थ्य त्या ग्राहीत नाही. ते काम एलसीके नावाचे विकर ग्राहीच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवून करते, आणि सीडी-४५ नावाचे दुसरे विकर असले फॉस्फेट पुसून टाकते. शांत पेशीत लिहिणारा आणि पुसणारा दोघेही जवळपास वावरत असल्यामुळे निरोप टिकत नाही, आणि हे इष्टच आहे. नाहीतर कोणत्याही ओझरत्या स्पर्शाने पहारेकरी आपल्याच माणसांवर तुटून पडला असता. दोन पेशी सुमारे १५ नॅनोमीटरपर्यंत जवळ येतात तेव्हा उंच बांध्याचे सीडी-४५ त्या फटीत मावत नाही व बाजूला सारले जाते. ग्राही आणि एलसीके एकत्र राहतात, लॅट हे प्रथिन त्यांच्याशी येऊन मिळते आणि निरोप पुढे जातो. पेशी जागी होणार की नाही हे कोण कोणाच्या शेजारी आहे यावर ठरते.

याचा शोध घेताना पटकीच्या विषाचा तो चिकटणारा भाग शास्त्रज्ञांच्या हाती आयता आला. घातक भाग काढून टाकला, उरलेल्याला चमकणारा रंग जोडला, की जीएम-१ कोठे जमला आहे ते सूक्ष्मदर्शकातून दिसे. १९९९ मध्ये लंडनच्या जेन्स, ले आणि मॅगी यांनी या उपायाने टी पेशीवरील जीएम-१ एका जागी गोळा केला. तेव्हा ग्राही, एलसीके आणि लॅट तेथे जमले, सीडी-४५ बाहेर राहिले आणि पेशीत निरोप सुरू झाला.

पण येथेच तो पाचाचा आकडा आडवा आला. पाच हातांनी पकडणारे साधन रेणूंना जवळ ओढणारच. मग दिसले ते पेशीचे की साधनाचे? या शंकेला उत्तर देणारे महत्त्वाचे काम आपल्या देशात झाले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सत्यजित मेयर यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात, रजत वर्मा या विद्यार्थ्यासह, जिवंत पेशीला न ओढता एका चमकत्या रेणूकडून शेजारच्याकडे जाणाऱ्या प्रकाशशक्तीवरून त्यांची जवळीक मोजली. १९९८ मध्ये त्यांनी दाखवले की मेदाच्या टोकाने पटलाला जोडलेली प्रथिने ७० नॅनोमीटरहून लहान समूहांत असतात. २००४ मध्ये हे समूह दोन-चार रेणूंचे इवलेसे आढळले; पुढे असेही दिसले की पटलाखालची अ‍ॅक्टिन तंतूंची हालचाल त्यांना घडवते व मोडते. म्हणजे मोठे, टिकाऊ तराफे ही कल्पना ढिली पडली. रचना आहे ही गोष्ट मात्र पक्की झाली. वर्मा यांनी पुढे अमेरिकेत मायकेल डस्टिन यांच्या प्रयोगशाळेत काम केले आणि २००६ मध्ये तेथून प्रसिद्ध झाले की टी पेशीचा निरोप संपर्काच्या कडेला सतत नव्याने बनणाऱ्या ग्राहींच्या सूक्ष्म समूहांतून चालू राहतो. ते मध्यभागी पोहोचले की थांबतो.

विषाच्या त्या निरुपद्रवी भागाचा आणखी एक उपयोग झाला आहे. आतड्याच्या पेशींना तो घट्ट धरत असल्यामुळे स्वीडनमध्ये होल्मग्रेन यांनी त्याला मारलेल्या जंतूंसह तोंडाने घ्यावयाच्या लशीत घातले. त्या लशीला तेथे १९९१ मध्ये परवाना मिळाला.