दुसरी सही

आपल्याकडे लग्न ठरले की पाहुणे मुहूर्ताआधी विचारतात, "सही झाली?" सिव्हिल रजिस्ट्रारसमोर पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी, आणि मंडप वेगळाच. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे समजावताना माझी पुरेवाट होते.

ही पोर्तुगीज अमदानीची देणगी. 1867 ची नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली, आणि पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर 1910 मध्ये विवाह व घटस्फोटाचे नवे कायदे आले. वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी निम्मी. मुक्तीनंतर 1962 च्या प्रशासन कायद्याने हे चालू ठेवले. आपण 'अर्धांगिनी' म्हणतो, इथे कायद्याने ते कागदावर आणले.

मग दिल्लीचा आयकर आला. घरभाडे, धंदा, व्याज यांचे उत्पन्न दोघांना मिळून एक गट मानून मोजायचे की प्रत्येकाचे अर्धे, यावर बरीच वर्षे वाद चालला. शेवटी 1994 च्या वित्त कायद्याने '5अ' हे कलम घातले आणि तेही 1963 पासून लागू धरून. पगार ज्याचा त्याचा, बाकी सारे अर्धे-अर्धे. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ही वाटणी ठेवली आहे.

पण हे सारे विवाहितांसाठी. माझ्या ओळखीत एक जोडपे होते. पहिली सही केली, थाटात सप्तपदी झाली, आणि दुसरी सही 'करू सावकाश' म्हणत राहूनच गेली. अकरा वर्षांनी पटेनासे झाले. वकील म्हणाले, घटस्फोट कसला घेता, तुमचे लग्नच झालेले नाही. दोघांना आधी हायसे वाटले. मग हिशेब निघाला.

दुकान त्याच्या नावावर, भाडे मात्र दरवर्षी दोघांच्या विवरणपत्रात अर्धे-अर्धे दाखवलेले. नवरा-बायको नाहीत तर ते सगळे त्याचेच उत्पन्न! फ्लॅट दोघांच्या नावे होता. तो भला माणूस, म्हणाला, माझा अर्धा हिस्सा तिला फुकट देतो. बायकोला दिला असता तर ती भेट करमुक्त. पण कायद्याच्या लेखी ती नातेवाईकही नव्हती, आणि परक्याकडून फुकट मिळालेल्या स्थावराचे मुद्रांक मूल्य पन्नास हजारांवर गेले की ते सबंध मूल्य घेणाऱ्याचे उत्पन्न धरतात. म्हणजे त्याने उदार व्हायचे आणि कर तिने भरायचा. सहमालकांनी आपापल्या हिश्श्याइतकी जागा वेगळी करून घेतली तर ते हस्तांतर नव्हे, असे न्यायालयांनी मानले आहे खरे, पण दोन खोल्यांचा फ्लॅट चिरणार कसा?

(एकत्र हिंदू कुटुंबाच्या वाटणीला सूट आहे. ती यांना कुठून मिळणार?)

अखेर तिने कर्ज काढून त्याचा हिस्सा रीतसर विकत घेतला. मुद्रांक शुल्क तिने भरले, भांडवली नफ्यावरचा कर त्याने. आपल्याकडच्या खरेदीखतात वैवाहिक स्थिती लिहावी लागते, कारण विवाहित असल्यास जोडीदाराचीही सही लागते. त्या कागदावर दोघांच्याही नावापुढे 'अविवाहित' असे टाईप केलेले होते. तो वाचून तिने सही केली, आणि पेन त्याच्याकडे दिले.