उपजीविका आणि ध्येय : बद्रुद्दीन तय्यबजींच्या चरित्रातील बोध

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? पुष्कळदा त्याचे उत्तर शेजारच्या मुलाने काय केले, किंवा चार पैसे लवकर कोठे मिळतील, एवढे पाहून दिले जाते. दहा-वीस वर्षांनंतर आपण कोण असावे आणि कोणाच्या उपयोगी पडावे, हा विचार मागेच राहतो. या दृष्टीने न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म 1844 साली मुंबईत झाला. वडील तय्यबअली हे व्यापारी. मुलांना पेढीवर बसविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु पुढील काळ विद्येचा आहे हे ओळखून त्यांनी मुलांना विलायतेस पाठविले. थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन 1860 साली इंग्लंडला गेले व कायद्याच्या अभ्यासास लागले. तोच डोळ्यांच्या विकाराने त्यांना गाठले. 1864 च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून मुंबईस परतावे लागले. ज्याचा सारा व्यवसाय वाचनावर चालायचा त्याचीच दृष्टी अधू व्हावी, यापेक्षा मोठे विघ्न कोणते? तरीही सुमारे वर्षभराने ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि 1867 च्या एप्रिलमध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत. ध्येय निश्चित असेल तर वर्ष वाया गेले तरी आयुष्य वाया जात नाही, हा येथे पहिला धडा.

दुसरा धडा याहून मोलाचा आहे. वकिलीत जम बसल्यावर ते स्वतःच्या भरभराटीवर संतुष्ट राहिले नाहीत. मुस्लिम समाजातील मुले आधुनिक शिक्षणात मागे पडत आहेत हे पाहून 1874 साली कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा महंमदअली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांच्यासह त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. शाळा निघाली ती 1880 मध्ये, आणि बोरीबंदर स्टेशनासमोरची भव्य इमारत पुरी झाली 1893 मध्ये. म्हणजे संकल्पापासून वास्तूपर्यंत एकोणीस वर्षे! आधी सचिव आणि पुढे अध्यक्ष या नात्याने त्यांनी हे काम अखेरपर्यंत सोडले नाही. मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार त्यांनी केला, आणि तो आपल्या घरापासून केला.

1887 च्या मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. 1895 साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता, तो न्या. तय्यबजींनी मंजूर केला. सरकारची मर्जी सांभाळण्यापेक्षा न्याय मोठा, ही त्यांची व्यवसायनिष्ठा. 1906 साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, "त्यांच्या वडिलांजवळ पैसा होता, आमच्याजवळ कोठे आहे?" प्रश्न रास्त आहे. गरिबाच्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, यात त्याचा दोष नाही. पण अंजुमनसारख्या संस्था निघाल्या त्या ज्यांना विलायत परवडत नाही त्यांच्यासाठीच. फी माफी, शिष्यवृत्ती, वाचनालय यांची चौकशी करण्याआधीच शाळा सोडणे म्हणजे दार न ठोठावताच परत फिरणे होय.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येकाने बॅरिस्टर व्हावे असे नाही. कोणी परिचारिका व्हावे, कोणी शिक्षक, कोणी उत्तम कारागीर. मात्र निवड करताना तीन प्रश्न स्वतःला विचारा : या कामाची मला खरी आवड आहे काय? त्यासाठी पाच-सात वर्षे कष्ट करण्याची माझी तयारी आहे काय? आणि त्यातून माझ्याखेरीज आणखी कोणाचे भले होईल? पालकांनीही मुलांना, विशेषतः मुलींना, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास अवधी द्यावा. तय्यबअलींनी आपल्या मुलांना पेढीऐवजी विद्या दिली. तिचा लाभ त्यांच्या घराण्यापुरता राहिला नाही.