पडद्यावरील छळ आणि संदिग्ध नायक : ‘२४’ व ‘अर्धसत्य’

नैतिकदृष्ट्या संदिग्ध नायकामुळे छळाचे समर्थन होते काय, हा प्रश्न हेरमालिकांच्या संदर्भात उपस्थित केला जातो. राज्यातील पोलीस उपनिरीक्षक नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेत असल्याने येथे तो केवळ कलाविषयक राहत नाही.

‘२४’ (२००१) या अमेरिकन मालिकेत वेळ संपत आली असता नायक संशयिताचा छळ करतो आणि माहिती मिळते. २००६ मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे अधिष्ठाता पॅट्रिक फिनेगन यांनी निर्मात्यांना भेटून याविषयी चिंता व्यक्त केली. २०१३ मध्ये या मालिकेची हिंदी आवृत्ती आली.

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारित ‘अर्धसत्य’ (१९८३) या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची, तर दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. त्यातील उपनिरीक्षक वेलणकरही संदिग्धच आहे. तथापि अपमानाच्या संतापातून तो केलेल्या मारहाणीत किरकोळ चोरीचा संशयित कोठडीत मरण पावतो. हाती काहीच लागत नाही.

यावरून असे दिसते की, समर्थन नायकाच्या संदिग्धतेतून नव्हे, तर छळाला कथानकात मिळणाऱ्या यशातून होते. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य मानण्याचा १८७२ च्या पुरावा कायद्यातील नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. अशा मालिका प्रेक्षकाला नेमक्या त्याच कबुलीवर विसंबण्याची सवय लावतात.