पळणारा माणूस कुदळ कशाला उचलेल?

व्हिडिओ गेम आणि ॲनिमे यांची ओढ माणसाला का लागते, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. वास्तव झेपत नाही म्हणून माणसे तिकडे पळतात, हे ते उत्तर. पालकसभेत, व्याख्यानात, संपादकीय स्तंभात ते इतक्या सहजपणे दिले जाते की ते तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटत नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. परीक्षा, नोकरी, नातीगोती यांत कष्टाचे फळ उशिरा मिळते आणि मिळेलच याची खात्री नसते. पडद्यावर ते लगेच आणि हमखास मिळते. जिथे सुख स्वस्त, तिथे मन वळणार. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची, म्हणजे गेमच्या व्यसनाच्या विकाराची, नोंद आहे. हा पक्ष पोकळ नाही, आणि तो मांडणारी माणसे बहुधा मुलांच्या काळजीपोटीच बोलत असतात.

तरीही तो चुकीचा आहे. पळायचेच असेल, तर कुठलेही दार चालले पाहिजे. प्रत्यक्षात असे घडते का? एकच मुलगा एक गेम तासाभरात टाकून देतो आणि दुसऱ्यात महिनोन्महिने रमतो. दोन्ही गेम वास्तवापासून सारखेच दूर असतात. मग हाच का आणि तो का नाही? पलायनाच्या सिद्धांताकडे याचे उत्तर नाही. निवड ज्याला उलगडत नाही, त्याला ओढ कशी उलगडणार?

‘स्टारड्यू व्हॅली’ घ्या. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारएक वर्षे खपून तो रचला आणि 2016 मध्ये बाजारात आणला. 2024 अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. कचेरीतल्या नोकरीला कंटाळलेला नायक आजोबांच्या शेतावर राहायला येतो, अशी त्याची सुरुवात. विरोधक म्हणतील, हेच ते पलायन! पण तिथे त्याला मिळते काय? दगड, ओंडके आणि तणाने भरलेले रान, पार्सनिपच्या 15 बिया आणि 40 वेळा शिंपले की रिकामी होणारी झारी. कुदळ मारली की अंगातली शक्ती घटते. ऋतू 28 दिवसांचा. तो बदलला की शेतात राहिलेले मागच्या ऋतूचे पीक एका रात्रीत वाळून जाते. कामापासून पळणारा माणूस विश्रांतीच्या वेळी पुन्हा कुदळ कशाला उचलेल?

‘सुख स्वस्तात मिळते’ या मुद्द्याचे खंडन हिदेताका मियाझाकी यांच्या ‘डार्क सोल्स’ने 2011 मध्येच करून ठेवले आहे. या गेममध्ये शत्रूला मारून जे आत्मे मिळतात, तेच तुमचे धन आणि तीच तुमची बळ वाढवण्याची सोय. मेलात की सगळे जिथे पडलात तिथेच राहते. शेवटी जिथे विसावलात त्या शेकोटीपाशी तुम्ही जागे होता, आणि वाटेतले जवळजवळ सगळे शत्रू आपापल्या जागी पुन्हा उभे असतात. धन परत हवे तर तीच वाट पुन्हा चालायची. वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचे गेले. मध्येच खेळ थांबवून श्वास घेण्याची मुभा नाही. मग खेळणारा करतो काय? तो पाहायला शिकतो. समोरच्याची तलवार कुठवर उचलली गेली की खाली येते, तिच्या आवाक्यातून कोणत्या क्षणी निसटायचे, हे तो मरत मरत शिकतो. इथे हमखास काही मिळत असेल तर ते मरण. याच परंपरेतला ‘एल्डन रिंग’ 2022 मध्ये आला आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटी प्रती विकल्या गेल्या. स्वस्त सुखाच्या शोधातली इतकी माणसे इथे वाट चुकून आली म्हणायची काय?

आता ॲनिमे. 16 एप्रिल 1988 रोजी जपानमध्ये स्टुडिओ घिबलीचे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित झाले. हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’त जंगलातला अद्भुत प्राणी आहे, पण गोष्टीतल्या दोन मुलींची आई इस्पितळात आहे आणि टोटोरो तिला बरे करत नाही. इसाओ ताकाहातांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये तर सुरुवातीलाच कोबेच्या सान्नोमिया स्थानकात सेइता नावाचा मुलगा भुकेने मरतो. सफाई कामगाराला त्याच्यापाशी गोळ्यांचा पत्र्याचा डबा सापडतो. तो भिरकावून दिला जातो, झाकण निघते आणि आतून धाकट्या बहिणीच्या अस्थी सांडतात. शेवट पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलेला आहे. तरी लोक तो चित्रपट पाहतात, इतरांना पाहायला लावतात. 1945 मध्ये ओकायामावर बॉम्ब पडले तेव्हा नऊ वर्षांचे ताकाहाता त्यातून वाचले होते. वास्तव विसरायला निघालेला प्रेक्षक त्यांच्याकडे कशाला जाईल? 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तील सिंधूसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळे पुसले. त्यांना कुणी पलायनवादी म्हटले नाही. करुण रसाचा आस्वाद म्हटले, आणि ते योग्यच होते.

माझा पक्ष असा. कलाकृती माणसाकडे काहीतरी मागते, आणि प्रत्येकीचे मागणे निराळे असते. एक चिकाटी मागते, दुसरी रोजची निगा, तिसरी दुःखाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचे बळ. जे देण्याची आपली आतून तयारी असते पण एरवी कुणी मागत नाही, तिथे आपण ओढले जातो. निवडीचा उलगडा यातून होतो.

सर्वांत धारदार आक्षेप उरला: खेळातले कष्ट खोटे, कारण बटण दाबले की संपतात. खरे आहे. पण पडदा पडला की सिंधूचे दुःखही संपते, आणि शिट्टी वाजली की कबड्डीतला शत्रू पुन्हा मित्र होतो. परिणामांपासूनची ही सुरक्षितता हाच पलायनाचा पुरावा मानायचा, तर नाटक, कादंबरी, मैदान सगळेच आरोपी ठरतात. तेवढे मान्य करायची विरोधकांची तयारी आहे का?

व्यसनाच्या मुद्द्यावर मात्र मी त्यांच्या बाजूने उभा आहे. पैसे भरून बंद पेटी उघडायची आणि आत काय निघते ते नशिबावर सोडायचे, असे ‘लूट बॉक्स’ काही गेममध्ये असतात. बेल्जियमने 2018 मध्ये अशा विकत घ्यायच्या पेट्यांना जुगार ठरवले, आणि योग्य केले. असल्या धंद्यावर खटला जरूर चालवा. पण वाचकहो, न्यायासनावर तुम्ही आहात. त्या आरोपपत्रात ताकाहातांचे नाव कोणत्या पुराव्यावर घातले, एवढे फिर्यादीला विचारा.