मॉरिशसचा हिवाळा सरासरीत सापडत नाही

मॉरिशसला बारा महिने उन्हाळाच, असे आपल्याकडे धरून चालतात. या मताला आधार नाही असे नाही. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर, उष्ण कटिबंधात आहे. तिथल्या हवामान खात्याच्या आकड्यांनुसार उन्हाळ्याचे सरासरी तापमान २४.७ अंश सेल्सिअस, तर हिवाळ्याचे २०.४. इतक्या थोड्या फरकाला वेगळा ऋतू कशाला म्हणायचे, हा पूर्वपक्ष.

पण या सरासरीत किनारा आणि पठार दोन्ही मिसळले आहेत. मधल्या पठारावरचे क्युरपीप साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश, या हिशेबाने किनाऱ्यापेक्षा तिथे साडेतीन अंश कमीच भरतात. म्हणजे मोटारीने पठार चढले की जवळजवळ अख्खा ऋतू बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऋतूचा आणि उंचीचा गारवा एकत्र येतो, तेव्हा क्युरपीपकर स्वेटर काढतात ते उगीच नव्हे.

दुसरे, पारा वारा मोजत नाही. या महिन्यांत बेटाच्या दक्षिणेकडचे मस्कारेन उच्चदाब क्षेत्र बळावते आणि आग्नेय व्यापारी वारे जोर धरतात. हेच वारे पुढे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस होतात. कोकणातल्या आषाढसरींचे एक मूळ मॉरिशसच्या हिवाळ्यात आहे! पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारला हा वारा समोरून झोंबतो. पठारावर तो ढग आणि भुरभुर आणतो. डोंगरांच्या आडोशाला असलेल्या पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाकला मात्र ऊन असते. ‘बारमाही उन्हाळा’ खरा ठरलाच तर या वाऱ्याआडच्या पट्टीपुरता.

मग हिवाळा टाळावा का? मुळीच नाही. वर्षातला सुमारे दोन तृतीयांश पाऊस नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये पडतो आणि चक्रीवादळांचा काळही मुख्यतः तोच. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाने पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली घातले. उलट हिवाळ्याच्या कोरड्या गारव्यात उसात साखर भरते आणि जूनपासून तोड सुरू होते. तिथल्या मराठी समाजाची गणेश चतुर्थीही बहुधा हा ऋतू सरता सरता येते, आणि त्या दिवशी देशभर सुट्टी असते.

तेव्हा मॉरिशसला जाणाऱ्याने महिन्याइतकीच दिशा आणि उंची विचारावी. जुलैत पूर्व किनाऱ्यावर कुडकुडून आलेला आणि पश्चिमेला उन्हात पोहून आलेला, दोघेही खरेच सांगतात. चूक एकाच सरासरीत दोघांना बसवणाऱ्याची.