पाटील, अण्णासाहेब

(२५ सप्टेंबर १९३३ – २३ मार्च १९८२). माथाडी कामगारांचे संघटक, विधान परिषदेचे सदस्य आणि मराठा समाजाच्या आरक्षणाची मागणी रस्त्यावर आणणारे आरंभीचे नेते. जन्म सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, मंद्रुळकोळे या गावी. डोंगर-उताराची जमीन, पावसावरची शेती आणि वाढती खाणारी तोंडे यांमुळे या भागातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा माणूस मुंबईला असे. कुणी गिरणीत लागे, कुणी गोदीत. ज्याला दोन्हीकडे वाव मिळत नसे, तो डोक्यावर ओझे घेई. अण्णासाहेबही पोटासाठी मुंबईला आले आणि त्यांनी स्वतः ओझी वाहिली. हमालाची मान, कंबर आणि गुडघे किती वर्षांत निकामी होतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या नेतृत्वाचा कस या अनुभवात आहे.

माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. मशीद बंदर, दाणाबंदर, भायखळ्याचा भाजीबाजार, कापडबाजार, लोखंडबाजार या सगळ्या ठिकाणी मुंबईचा व्यापार त्याच्या डोक्यावरून चालत असे. तरी कायद्याच्या भाषेत तो कुणाचाच नोकर नव्हता. सकाळी एका पेढीची पोती उतरवायची, दुपारी दुसरीची गाडी भरायची, संध्याकाळी तिसऱ्या वखारीत थप्पी लावायची. मजुरी नगावर, आणि तीही मुकादमाच्या हातून. पगारपत्रक नाही, हजेरी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. पोते पाठीवर पडून माणूस जायबंदी झाला तर भरपाई मागायची कुणाकडे, याला उत्तर नव्हते. व्यापारी म्हणे, हा माझा माणूस नाही. वाहतूकदार म्हणे, माझाही नाही. कारखान्यातल्या कामगाराला निदान भांडायला एक फाटक असते. माथाडीला तेही नव्हते.

साठच्या दशकात अण्णासाहेबांनी या विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणायला सुरुवात केली. महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन ही त्यांची संघटना. टोळ्या बहुधा गावकीच्या, भावकीच्या असत. एका गावची माणसे एकाच खोलीत राहत, एकाच बाजारात काम करत. संघटना बांधताना ही गावकी त्यांच्या उपयोगी पडली, आणि पुढे त्यांच्या राजकारणाची दिशाही काही अंशी तिनेच ठरवली. पुण्यात याच काळात बाबा आढाव हमाल पंचायतीमार्फत हमालांना उभे करत होते. दोघांच्या विचारांची घडण वेगळी असली तरी मागणी एकच होती : ओझे वाहणाऱ्याला कायद्याने कामगार म्हणा.

मोर्चे, संप आणि वाटाघाटी यांच्या रेट्यातून, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ हा कायदा झाला. अण्णासाहेबांच्या आयुष्यातील हे सर्वांत मोठे काम आहे. या कायद्यामागची कल्पना नीट समजून घेण्याजोगी आहे. माथाडीला एक मालक नाही ही अडचण कायद्याने नाकारली नाही. अनेक मालक आणि अनेक मजूर यांच्यामध्ये त्याने एक मंडळ उभे केले. मंडळावर मालक, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मंडळाकडे नोंदणी करायची, टोळीनेही करायची. झालेल्या कामाची मजुरी मालकाने टोळीच्या हातावर न ठेवता मंडळात भरायची, आणि तिच्यावर ठरावीक टक्के रक्कम लेव्ही म्हणून वेगळी भरायची. मंडळ महिन्याच्या महिन्याला कामगाराला पगार देते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार आणि अपघाताची भरपाई यांची तरतूद होते. काम आज एका दुकानात आणि उद्या दुसऱ्या गोदामात केले तरी खाते मोडत नाही. मुकादमाच्या मर्जीवर चालणारा व्यवहार अशा रीतीने नोंदवहीत आला.

किराणा, कापड, लोखंड व पोलाद, भाजीपाला अशा धंद्यांनुसार मंडळे स्थापन झाली. पुढे त्यांची संख्या राज्यभरात ३६ पर्यंत गेली. असंघटित म्हणून सोडून दिलेल्या माणसाला संरक्षण देण्याची ही रीत इतकी उपयुक्त ठरली की खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ मध्ये राज्याने केलेला कायदाही याच धर्तीवर बेतलेला आहे. दिल्लीत असंघटित कामगारांविषयी चर्चा झाली की माथाडी मंडळांचा दाखला निघतो. एवढी मोठी कल्पना विद्यापीठातून न येता बाजारातल्या हमालांच्या लढ्यातून आली, याची नोंद आपल्या सामाजिक इतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही.

कायदा हाती आल्यावर संघटना तेवढ्यावर थांबली नाही. माथाडींची पतपेढी, ग्राहक संस्था, दवाखाना, घरकुले ही कामे याच चळवळीतून उभी राहिली. मुंबईतील घाऊक बाजार ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत तुर्भे-वाशीला हलले, तेव्हा माथाडींच्या वसाहतीही कोपरखैरणे, घणसोली भागात वसल्या. या स्थलांतराचा बराचसा भाग अण्णासाहेबांच्या पश्चात घडला. पण बाजार जिथे जाईल तिथे कामगाराचे घरही गेले पाहिजे हा आग्रह मूळचा त्यांचा होता.

राजकारणात ते काँग्रेसचे होते आणि पक्षाच्या वतीने विधान परिषदेवर गेले. सत्ताधारी पक्षात राहून सत्तेशी भांडायचे ही त्यांची पद्धत. त्यामुळे कायदा करून घेता आला, आणि त्याच पद्धतीची मर्यादा १९८२ मध्ये त्यांच्या जिवावर बेतली.

मराठा महासंघाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला तो माथाडींच्या अनुभवातून. बाजारात ओझी वाहणारे बहुसंख्य लोक पश्चिम महाराष्ट्रातले अल्पभूधारक मराठे होते. राज्यकर्त्यांत मराठे पुष्कळ, म्हणून मराठा समाज सुखी, हे समीकरण त्यांना आपल्या टोळ्यांकडे पाहताना खोटे वाटत होते. मंडल आयोगाने १९८० च्या डिसेंबरात अहवाल दिल्यानंतर आरक्षणाचा प्रश्न देशभर तापला. अण्णासाहेबांची भूमिका अशी की आरक्षणाला आर्थिक निकष असावा आणि गरीब मराठ्याला त्यात वाटा मिळावा. या भूमिकेवर टीका झाली, आणि तिच्यात तथ्यही होते : सामाजिक मागासलेपण आणि गरिबी या एकच गोष्टी नव्हेत, आणि जातीने लादलेली अवहेलना उत्पन्नाच्या दाखल्यात मोजता येत नाही. पण त्यांनी दाखवलेले दुःख खरे होते, आणि ते मांडणारा माणूस त्या दुःखातूनच वर आलेला होता.

२२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मुंबईत विधान भवनावर प्रचंड मोर्चा नेला. गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन महिने झाले होते. एकाच शहरात गिरणी कामगार आणि माथाडी, दोन्हींच्या घरी तेव्हा अस्वस्थता होती. मुख्यमंत्रिपदी बाबासाहेब भोसले होते. मोर्चाच्या मागण्या मान्य झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, अण्णासाहेबांनी स्वतःचे जीवन संपवले. वय अवघे ४८. समाजाला दिलेला शब्द पाळता आला नाही ही खंत त्यांनी प्राणावर घेतली, असे त्यांचे अनुयायी मानतात. या मृत्यूला हौतात्म्याचे तेज दिले गेले आहे. मात्र ज्याने हजारो कुटुंबांना उद्याची हमी मिळवून दिली, त्या माणसाचा उद्या असा संपावा, याचे दुःख त्या तेजाने झाकू नये.

त्यांच्या पश्चात पुत्र शिवाजीराव पाटील आणि नरेंद्र पाटील यांनी संघटना चालवली. नरेंद्र पाटील पुढे विधान परिषदेवरही गेले. १९९८ मध्ये राज्य शासनाने अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ स्थापन केले. तरुणांनी व्यवसायासाठी काढलेल्या बँककर्जावरच्या व्याजाचा परतावा या महामंडळामार्फत मिळतो, आणि आजच्या पिढीला अण्णासाहेबांचे नाव मुख्यतः या योजनेमुळे ठाऊक असते. आर्थिक निकषावर १० टक्के आरक्षण देणारी १०३ वी घटनादुरुस्ती २०१९ मध्ये झाली, म्हणजे मोर्चानंतर ३७ वर्षांनी. दर २५ सप्टेंबरला नवी मुंबईत माथाडींचा मेळावा भरतो आणि बहुधा मुख्यमंत्री त्याला येतात.

माथाडी कायद्याची आजची परीक्षा मात्र तुर्भ्याहून अधिक भिवंडी तालुक्यात चालू आहे. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या आगरी वस्तीच्या गावांत भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. मुंबईची जकात चुकवता येई, महामार्ग आणि बंदर हाताशी होते, जमीन शहरापेक्षा स्वस्त होती. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, तरी गोदामे कमी झाली नाहीत, उलट वाढली. दापोड्यात कापडापासून औषधांपर्यंत आणि घरपोच मागणीच्या खोक्यांपर्यंत सगळा माल उतरतो, मोजला जातो आणि पुन्हा चढतो. म्हणजे मशीद बंदराचे काम पत्र्याच्या अवाढव्य शेडखाली आले.

काम तेच राहिले तरी ते करणारा माणूस बदलला. जमीन गेलेल्या गावकऱ्याला गोदामात पहिला हक्क हवा असतो. उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेला तरुण कंत्राटदाराच्या यादीवर काम करतो. काही ठिकाणी नोंदणीकृत टोळी असते, पुष्कळ ठिकाणी नसते. फोर्कलिफ्ट आणि पॅलेट आल्यामुळे डोक्यावरचे ओझे कमी झाले. पण गाडीच्या हौद्यात शिरून खोके उचलणारे हात अजून माणसाचेच आहेत, आणि तो माथाडी आहे की नाही यावर मालक, कंत्राटदार आणि मंडळ यांच्यात वाद होतो. गाडी खाली करण्याची वाराई कुणी भरायची हाही जुनाच तंटा. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली. त्यात भर पडली ती माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळक्यांची. त्यांच्यामुळे कायदाच नको म्हणणाऱ्या मालकांना आयते निमित्त मिळते, आणि त्याची किंमत खरा हमाल मोजतो.

दापोड्याच्या गोदामाच्या फाटकावर गणवेशातला रक्षक गाडीचा नंबर वहीत लिहून घेतो. मालाची नोंद आत संगणकावर होते. गाडी खाली करणाऱ्या चौघांची नावे कुठे लिहिलेली आहेत, हे विचारणारा माणूस १९६९ पूर्वी मशीद बंदरच्या वखारीपुढे उभा होता.