मोहोळ उठण्याचें कोडें

वसंत ऋतु भरांत आहे, फुलांस तोटा नाहीं आणि परसांतील मधपेटी माशांनीं गच्च भरली आहे. अशा वेळीं एखाद्या स्वच्छ, उबदार दिवशीं ती पेटी एकाएकीं गजबजून उठते. तिच्या दारांतून माशांचा लोंढा बाहेर पडतो, अंगणावर गरगर फिरतो आणि थोड्याच वेळांत जवळच्या फांदीला द्राक्षांच्या घोसाप्रमाणें लोंबूं लागतो. ज्यानें ती पेटी वर्षभर जपली त्याच्या काळजांत धस्स होतें. माशा रुसल्या काय? आपल्या हातून कांहीं चुकलें काय? कीं त्यांच्या राजानेंच त्यांस कूच करण्याचा हुकूम दिला? हे प्रश्न फार जुने आहेत. त्यांचा उलगडा करण्यांत सर्वांत मोठा वाटा ज्यानें उचलला, त्यास डोळ्यांनीं मुळींच दिसत नव्हतें, ही या इतिहासांतील नवलाची गोष्ट होय.

प्राचीन ग्रीस देशांत ॲरिस्टॉटलनें पोळ्यांतील मोठ्या माशीस राजा म्हटलें, आणि रोमन कवि व्हर्जिल यानेंही तोच समज पुढें चालविला. थवा सुटला कीं झांजा व भांडीं वाजवावीं, म्हणजे तो खालीं उतरतो, अशी समजूत युरोपांतील खेड्यापाड्यांत शतकानुशतकें होती. १६०९ सालीं चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकानें आपल्या ग्रंथांत हा राजा नसून राणी आहे असें प्रतिपादिलें. पुढें डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम यानें सूक्ष्मदर्शकाखालीं त्या माशीचें विच्छेदन करून तिच्या पोटांतील अंडाशय दाखवून दिले. राजाची राणी झाली खरी. पण घर सोडून जाते ती जुनी राणी कीं नवी, आणि ती जाते तरी कां, हें कोडें बहुतेकांस तसेंच राहिलें.

या कोड्यांत केवळ पंडितांचें कुतूहल गुंतलें नव्हतें. त्या काळीं युरोपांतील शेतकरी पेंढ्याच्या उलट्या टोपलींत माशा पाळीत. आंतील पोळीं टोपलीच्या छताला घट्ट चिकटलेलीं असत. तीं न मोडतां पाहण्याची सोय नसे. मध काढावयाचा म्हणजे शरद ऋतूंत टोपलीखालीं गंधक जाळून आंतील साऱ्या माशा मारावयाच्या, ही सर्रास रीत होती. मारलेल्या वसाहतींची जागा पुढील वर्षीं सुटणाऱ्या थव्यांनीं भरून निघे. म्हणून एखादा थवा हातचा निसटला कीं गरिबाच्या संसाराला खोट बसे. राज्यकर्त्यांनाही याचें महत्त्व कळूं लागलें होतें. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या कारकीर्दींत व्हिएन्ना येथें अंतोन यान्शा या स्लोव्हेनियन शेतकरीपुत्राची मधमाशीपालनाचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि १७७१ सालीं त्यानें थवे सुटण्याच्या विषयावरच एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. त्याचा जन्मदिवस मानला जाणारा २० मे हा दिवस २०१८ सालापासून जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळला जातो.

याच सुमारास जिनीव्हा येथें फ्रान्स्वा ह्यूबर हा तरुण वाढत होता. त्याचा जन्म १७५० सालचा. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याची दृष्टि मंद होऊं लागली आणि थोड्याच वर्षांत ती पार गेली. मारी-एमे ल्यूलँ या मुलीशीं त्याचा विवाह ठरत होता. अंध जांवई तिच्या पित्यास मान्य होईना. ती सज्ञान होईपर्यंत थांबली आणि तिनें त्याच्याशींच लग्न केलें. वाचून दाखविणें, लिहून घेणें हीं कामें तिनें जन्मभर केलीं. ह्यूबरच्या घरीं फ्रान्स्वा बर्नेन्स नांवाचा एक खेडूत नोकर होता. तो मालकास मधमाशांवरील ग्रंथ वाचून दाखवी. वाचतां वाचतां तो असे मार्मिक प्रश्न विचारूं लागला कीं, या माणसास निरीक्षणाची दृष्टि आहे हें त्या दृष्टिहीन मालकानें ओळखलें.

मग दोघांचा उद्योग सुरू झाला. ह्यूबरनें प्रश्न योजावा, बर्नेन्सनें पाहावें. ह्यूबरनें शंका काढावी, बर्नेन्सनें पुन्हां पाहावें. पोळ्यांच्या मधील काळोखांत काय चालतें तें कळावें म्हणून ह्यूबरनें एक नवी पेटी योजिली. तिच्या चौकटी बिजागरीनें जोडलेल्या होत्या आणि पुस्तकाच्या पानांसारख्या उलगडीत. एकदां कामकरी माशांपैकीं कोणी अंडीं घालतें काय, हें तपासण्यासाठीं बर्नेन्सनें दोन पेट्यांतील एकेक माशी हातीं धरून पाहिली; हें काम अकरा दिवस चाललें! दंशांची तमा न बाळगणाऱ्या या नोकराचें नांव ह्यूबरनें आपल्या ग्रंथांत झांकून ठेविलें नाहीं. तो ग्रंथ १७९२ सालीं प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथानें थव्याचा क्रम उलगडून दाखविला. वसाहत भरभराटीस आली म्हणजे माशा पोळ्याला भुईमुगाच्या शेंगेसारखीं मोठीं घरें लोंबतीं बांधतात; त्यांत भावी राण्या वाढतात. पहिला थवा निघतो तो जुन्या राणीबरोबर, आणि बहुधा नवी राणी जन्मास येण्यापूर्वीं. बांधलेलें घर, सांठविलेला मध आणि पाळण्यांतील लेकरें मागें ठेवून आईच बाहेर पडते! निघतांना माशा पोट भरून मध घेतात. म्हणूनच फांदीवरचा घोस बहुधा शांत असतो. त्या रुसलेल्या नसतात, पाळणाऱ्याच्या चुकीनें पळालेल्याही नसतात. माशीला अंड्यांतून जन्म मिळतो, तसा एका वसाहतीच्या पोटीं दुसऱ्या वसाहतीला थव्यानें जन्म मिळतो.

हें ज्ञान वाया गेलें नाहीं. ह्यूबरचा ग्रंथ अभ्यासलेल्या लोरेंझो लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकानें १८५१ सालीं पोळ्यांभोंवतीं सुमारें तीन-अष्टमांश इंच मोकळी जागा ठेविली. तेवढी वाट माशा बुजवीत नाहींत; त्यामुळें चौकटी सहज उचलतां येऊं लागल्या. पाळणारा आतां राणीचीं घरें आधींच पाहूं शकतो, जास्त जागा देतो किंवा स्वतःच वसाहत विभागून थवा वांचवितो. मध घेण्यासाठीं माशांचा जीव घेण्याची गरज उरली नाहीं. महाबळेश्वरच्या डोंगरांत लांकडी पेट्यांत पाळली जाणारी सातेरी माशीही अशाच उचलत्या चौकटींवर आपलीं पोळीं बांधते.

तरीही एक प्रश्न उरला होता. फांदीवर लोंबणाऱ्या थव्याला नव्या घराची वाट कोण दाखवितें? १९४९ सालीं म्यूनिक येथें मार्टिन लिंडाउअर या तरुण शास्त्रज्ञास एका थव्यावर कांहीं माशा नाचतांना दिसल्या. त्यांच्या अंगावर फुलांतील पराग नव्हते. कोणी धुराड्याच्या काजळीनें काळी, तर कोणी विटांच्या भुकटीनें लाल झालेली होती. महायुद्धांत उद्ध्वस्त झालेल्या त्या शहराच्या पडक्या भिंतींत त्या घर शोधून आल्या होत्या. त्याचे गुरु कार्ल फॉन फ्रिश यांनीं माशांच्या नृत्याचा अर्थ आधींच उलगडला होता. त्यांस १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लिंडाउअरनें दाखविलें कीं, शोधकऱ्या माशा निरनिराळ्या जागांची शिफारस नाचून करतात, उत्तम जागेचा पक्ष हळूहळू वाढत जातो आणि एकमत झालें म्हणजेच थवा उडतो. राणी केवळ बरोबर जाते. हुकूम तिचा नसतो.

ज्या राजाचा शोध मनुष्यानें दोन हजार वर्षें केला, तो पोळ्यांत कधींच नव्हता. आपल्या राज्यव्यवस्थेचें प्रतिबिंबच त्यानें तेथें पाहिलें होतें. डोळस माणसांस तें प्रतिबिंब पुसतां आलें नाहीं. एका अंधानें मात्र दुसऱ्याच्या नजरेवर विश्वास ठेवून आणि तीच नजर पुन्हां पुन्हां पारखून सत्य पाहिलें. परसांतील मोहोळ उठेल तेव्हां थाळी बडवीत धांवण्यापूर्वीं क्षणभर ह्यूबर आणि बर्नेन्स या जोडीचें स्मरण करावें. जें हातचें गेलें असें वाटतें, तें कित्येकदां नुकतेंच जन्मास आलेलें असतें.